गुलमंडीचं लोकरीचं दुकान आणि आत्याची तिकोनी शाल

परभणीहून लोकर आणायला औरंगाबादला जाते म्हणलं की घरचे अजूनही विचारतात, काहून, इथं मिळत नाही का. मिळते ना, स्वेटरची जाड लोकर मिळते, रुखवताला लागणारे चमकीचे दोरे मिळतात, पण क्रोशाची जाळीदार शाल करायची तर जे सूत लागतं, बारीक, मऊ, एकसारख्या पिळाचं, आणि मुख्य म्हणजे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, चार-पाच गोळे, ते मला तरी इथं सापडलं नाही. म्हणून गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानाबद्दल लिहायलेय. बोर्ड इतका जुना झालाय की नाव वाचता येत नाही, सगळे लोकरवाले काका म्हणूनच ओळखतात. पैठण गेटकडून टिळकपथानं गुलमंडीला आलात की कोणत्याही कापडवाल्याला विचारा, तो दाखवील.

शाल करायची होती आत्यासाठी. आत्या यंदा पंच्याहत्तरची झाली, आणि मला क्रोशाची सुई हातात धरायला तिनंच शिकवलं, दुसरीत असताना, ताटावरच्या रुमालाची झालर करता करता. कोजागरीपासून काकडा सुरू झाला की ती पहाटे साडेचारला विठ्ठलाच्या देवळात असते, एक दिवस चुकत नाही. तेव्हा काही कडाक्याची थंडी नसते पण गार लागतं, लोकरीची जाड शाल घेतली तर भजनात टाळ वाजवता वाजवता घाम येतो, आणि साधी ओढणीसारखी शाल घेतली तर टाळ वर केले की खांद्यावरून घसरते. तिच्या पेटीत एक हिमरू शाल आहे, सूत आणि रेशमाची, आजोबांनी औरंगाबादहूनच आणलेली, पण ती लग्नकार्यातच बाहेर निघते, काकड्याला कोण नेणार. तिकोनी शालीचं टोक पाठीवर येतं, दोन्ही लांब शेंडे पुढं घेऊन एक सैल गाठ मारली की हात मोकळे राहतात आणि शाल हलत नाही, म्हणून तिकोनीच करायची ठरवलं.

आता दुकानाकडं यायच्या आधी एक सांगणं भाग आहे, नाहीतर मी एका सुताच्या दुकानाचं एवढं कौतुक काहून करतेय ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी अशीच एक तिकोनी शाल केली होती, सूत एका वेबसाईटवरून मागवलं होतं. दोन गोळे घेतले, अर्ध्या ओळी झाल्या तरी पहिला गोळाच संपला नव्हता, मला वाटलं दोनात आरामात होईल. आणि मग शेवटच्या दहा-बारा ओळी राहिल्या असताना सूत संपलं. पुन्हा मागवलं, तोच ब्रँड, तोच शेड नंबर, पण लॉट दुसरा. फोटोत फरक दिसत नव्हता, उन्हात धरल्यावर खालची पट्टी सरळ वेगळी दिसायची, जशी कुणी दुसऱ्या साडीची किनार जोडलीय. तक्रार केली तर उत्तर आलं की शेड बरोबर आहे, परत घेता येणार नाही. ती शाल मी उसवली. दीड महिन्याचं काम होतं, लई वाईट वाटलं होतं.

चूक कुठं झाली ते नंतर शांतपणे बसून काढलं. तिकोनी शाल आपण वरून, मानेच्या मधोमध सुरू करतो. पाच साखळ्यांचा गोल, त्यात पहिले खांब (उंच टाके), मग प्रत्येक ओळीला दोन्ही कडांना आणि मधल्या कण्यावर (मानेपासून टोकापर्यंतच्या रेषेवर) वाढ, जास्तीचे टाके. म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांब. पहिली ओळ बोटाएवढी असते आणि शेवटची ओळ हात पसरले तरी पुरत नाही, मग सूत तेवढंच कसं लागणार! निम्म्या ओळी झाल्या तेव्हा सूत निम्मं नाही, फक्त पाव लागलेलं असतं. निम्मं सूत संपतं ते साधारण सत्तर टक्के ओळी झाल्यावर, आणि राहिलेलं सगळं निम्मं त्या शेवटच्या तीस टक्क्यात जातं. म्हणून या शालीत सूत कमी पडतं ते नेहमी शेवटी पडतं, जेव्हा उसवायची हिंमत नसते. आणि म्हणूनच दुकान कसं आहे हे पहिल्या गोळ्यावरून कळत नाही, शेवटच्या गोळ्यावरून कळतं.

तर गणपती झाले आणि मी सकाळची मराठवाडा एक्सप्रेस धरली. सेलू, परतूर, जालना करत जाईपर्यंत आत्याच्या जुन्या दोऱ्यावर नक्षीचा नमुना विणून पाहिला, वीतभर तुकडा, तोच पर्समध्ये टाकून दुकानात गेले. हे फार उपयोगी पडलं. काकांनी आधी तो तुकडा हातात घेतला, ताणून पाहिला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, ताई, कुणासाठी आहे, वय काय, कुठं वापरणार. रंग कोणता हे शेवटी विचारलं. मी त्याच वेळी ओळखलं की इथं आपलं काम होईल.

पहिल्यांदा मी चकाकीचं मर्सराइज्ड कॉटन मागितलं, कारण दिसायला सुंदर. काकांनी गोळा दिला पण सोबत समजावलं की हे सूत ताणून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं असतं, त्यामुळं धागा गोल आणि मजबूत होतो, रंग छान धरतो, ती चकाकी त्याचीच (नाव जॉन मर्सर या माणसावरून पडलंय, हे मला माहिती होतं, काकांनाही माहिती होतं, फार बरं वाटलं). तोरणाला, रुमालाला, टेबलावरच्या जाळीला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण पूर्ण सुती शाल मोठी झाली की वजनानं खाली ओढत जाते आणि सूत लोकरीसारखं परत आक्रसत नाही, म्हातारं माणूस खांद्यावर एवढं वजन कशाला घेईल, म्हणून तुम्ही कॉटन-अॅक्रिलिक मिक्स घ्या, हलकं राहील. मी जरा शंका काढली की मिक्स म्हणून नुसतं अॅक्रिलिकच देतात लोक. काकांनी काही न बोलता तीन गोळ्यांची टोकं कापली आणि काडी लावून दाखवली. सुती टोक कागदासारखं जळलं आणि त्याची राख झाली. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी झाला. मिक्सचं दोन्ही झालं, थोडी राख, थोडी गाठ. लोकरीचं राहिलं होतं ते पण दाखवलं, केस जळल्याचा वास आला. एवढं कोण करतं गिऱ्हाईकासाठी? आणि मी तेव्हा अजून एक रुपयाचं पण काही घेतलं नव्हतं.

गोळा ५० ग्रॅमचा, लेबलवर १६० मीटर, किंमत ११० रुपये. ऑनलाईन दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त मिळेल, मी पाहिलंय, तरी सांगते इथूनच घ्या. कारण पुढचं ऐका. मी दोन गोळे मागितले, हिशोब समजला असूनही हात आखडता घेतला, सवय असते ना. काकांनी तीन बांधले, आणि त्याच लॉटचे आणखी दोन एका कागदी पुड्यात घालून रबर लावून वरच्या फळीवर ठेवले. पुड्यावर माझं नाव, शेड नंबर, लॉट नंबर. म्हणले, दोन महिने ठेवतो, लागले तर न्या, नाही लागले तर फोन करून सांगा म्हणजे मी विकायला मोकळा. ॲडव्हान्स नाही, काही नाही. माझ्यासाठी सगळ्या रिव्ह्यूचा जीव या पुड्यात आहे.

आणि लागलाच. ४८ ओळींची शाल ठरवली होती. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मी दर काही ओळींनी वजन करत गेले. २४ ओळी झाल्या तेव्हा ४३ ग्रॅम. ३४ व्या ओळीला ८५. ४५ व्या ओळीला तिसरा गोळा संपत आला आणि अजून तीन ओळी आणि पिकोची (साखळीच्या बारीक टोकांची) झालर बाकी. काकांना फोन केला, भाचा तिथं इंजिनिअरिंगला आहे, तो शनिवारी घरी येताना पुड्यातला एक गोळा घेऊन आला, पैसे फोनवरूनच पाठवले. जोडला तिथं मी चष्मा लावून शोधते तरी सापडत नाही. पूर्ण शाल १९० ग्रॅम भरली, म्हणजे चार गोळ्यांतलं १० ग्रॅम उरलं, आणि पाचव्यासाठी काकांना कळवून टाकलं.

काकू पण दुकानात असतात, दुपारनंतर. त्या स्वतः विणतात, त्यामुळं सल्ला अंदाजपंचे नसतो. लेबलवर ३.५ मिलिमीटरची सुई लिहिलेली होती, काकू म्हणल्या जाळी हवी तर ४.५ घे, हात घट्ट असंल तर ५. माझा हात घट्ट आहे, मी ४.५ वर नमुना केला तर तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला, ५ वर एकदम मोकळा पडला. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती कडेची. दोन्ही शेंड्यांना वाढ करायची विसरली की वरची कड आत ओढली जाते आणि शाल मानेवर बसत नाही, म्हणून ओळ संपली की पुढं जायच्या आधी तिन्ही वाढी बोटानं मोजायच्या, कड, कणा, कड. मी दर ओळीला असंच पुटपुटत मोजलं. नक्षी त्यांच्याच वहीतली, कण्याच्या दोन्ही बाजूला शिंपले आणि मध्ये साध्या खांब-साखळीच्या जाळीच्या पट्ट्या, सगळीकडं शिंपले केले तर जड होते म्हणून. वहीचा फोटो काढू दिला, तेही विनासायास.

ताणून वाळवायचंही त्यांनीच नीट सांगितलं. विणून झाल्यावर शाल चुरगाळलेल्या पिशवीसारखी दिसत होती, माझी मुलगी म्हणली आई हे एवढंच झालं का. मग कोमट पाण्यात बुडवून, न पिळता नुसती टॉवेलमध्ये दाबून, गादीवर जुनी चादर टाकून तिच्यावर पसरली, कण्याचं टोक आधी, मग दोन शेंडे, मग प्रत्येक पिकोला एक टाचणी. रात्रभरात वाळली आणि जाळी अशी उघडली की गादीची चादर त्यातून दिसत होती. एकदम रुंदी १५८ सेंटिमीटर. मिक्समधल्या अॅक्रिलिकमुळं काकूंनी वरून वाफ द्यायला सांगितली होती, इस्त्री टेकवायची नाही, दोन बोटं वर धरायची, टेकली की धागा मरतो आणि लिबलिबीत होतो. ते तंतोतंत पाळलं.

आता कमी काय आहे तेही लिहिते. दुकानातला उजेड पिवळा आहे आणि फार कमी आहे, मला जो रंग डाळिंबी वाटला तो बाहेर उन्हात आणला तर विटकरी निघाला, त्यामुळं गोळा हातात घेऊन गल्लीत या, काका येऊ देतात. बसायला जागा नाही, दोन बायका आत असल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं, आत्यासारख्यांना नेणं अवघड आहे. सुयांची निवड कमी आहे, ५ ची सुई संपलेली होती, ती मी पोनी कंपनीची दुसरीकडून घेतली. पार्किंगचं तर बोलूच नका, रिक्षानं जा. आणि पावतीवर लॉट नंबर लिहायचं काका विसरतात, पुड्यावर लिहितात पण पावतीवर नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते, दुकानाची नाही, आपली सगळ्यांचीच. गोळ्यांची लेबलं पाहिली तर कुठलं लुधियानाचं, कुठलं तमिळनाडूचं. नांदेड ४४ सारखं कापसाचं वाण आपल्याकडच्या संशोधन केंद्रातून निघालं, दरवर्षी आपल्या जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आणि क्रोशाचं चांगलं सूत मराठवाड्यात आणायला एवढ्या लांबचा फेरा. काकांना विचारलं तर म्हणले, ताई, इथं कुणी बनवलं तर मी पहिला घेईन.

आत्यानं शाल पहिल्याच काकड्याला घातली. घरी आल्यावर काढून घडी करताना सगळा कणा वरपासून खालपर्यंत बोटानं चाचपला आणि म्हणली, कुठंच चुकली नाहीस गं. आता तिच्या सोबतच्या एक काकू पांढरी मागायलेत, सुनेच्या डोहाळजेवणाला द्यायला. मी पुढच्या आठवड्यात जायलेय, यावेळी सरळ चार घेणार आणि एक फळीवर ठेवायला सांगणार.

दुकान सोमवारी बंद असतं, बाकी दिवस दुपारी २ ते ४ जेवणाची सुट्टी, फोनवरून पैसे चालतात. काकू भेटायला हव्या असतील तर ४ नंतरच जा, आणि आपला विणलेला नमुना सोबत न्या.