पेनलेस डिलिव्हरी: औषध चोख, पण रात्री पंपाजवळ कोण?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या खासगी प्रसूतिगृहांच्या पाट्यांवर ‘वेदनारहित प्रसूती’ असं लिहिलेलं दिसतं. पाटीवर औषधाचं नाव नसतं, आणि ते बरंच आहे, कारण औषधात भांडण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो भुलीचे डॉक्टर सुई टोचून गेल्यावर पुढच्या आठ-दहा तासांचा.

आधी औषधाबद्दल. वेदनारहित प्रसूती म्हणजे एपिड्युरल, कमरेच्या मणक्यांजवळ बारीक नळी ठेवून कळा बधिर करणं. त्याचं आजचं मिश्रण हलकं असतं: ०.१ टक्का ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) आणि दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक). ५० मिलीची सिरिंज भरायची तर ०.५ टक्क्याचं साधं ब्युपिव्हाकेन १० मिली, फेंटानिलचं २ मिलीचं एक अँप्यूल (१०० मायक्रोग्रॅम) आणि सलाइन ३८ मिली. इथं ‘साधं’ हा शब्द महत्त्वाचा. सिझरच्या वेळी मणक्यात देतात ते ‘हेवी’ ब्युपिव्हाकेन साखरेच्या पाण्यातलं असतं. ते या कामाचं नाही. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवणारी जागा मुळातच ढिसाळ समजावी. कंपनी कोणतीही असली तरी चालते. रोपिव्हाकेन हे त्याच जातीचं औषध मिळालं तरी उत्तम, पण केवळ त्यासाठी जादा पैसे मोजण्यासारखा मोठा फरक पडत नाही.

फेंटानिल मात्र विचारून घ्यावं. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे मान्यता आणि नोंदवही नसलेल्या छोट्या दवाखान्यात ते ठेवता येत नाही. मग तेवढाच आराम मिळवायला ब्युपिव्हाकेन घट्ट करावं लागतं, पाय जड होतात आणि जोर लावायच्या वेळी बाईला खालचं काही कळत नाही. ‘इंजेक्शन घेतलं आणि बाळ ओढायला चिमटा लावावा लागला’ अशा तक्रारीमागे कित्येकदा हे घट्ट मिश्रण असतं.

सुई टोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बसवून, हनुवटी छातीला लावून पाठ मांजरीसारखी बाहेर काढायला सांगतात. कळ आली तरी हलायचं नाही, डॉक्टरांना सांगून थांबायला लावायचं. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून १८ गेजची वाकड्या टोकाची टूही सुई जाते. सिरिंजच्या दट्ट्याचा अडथळा एकदम सुटला की जागा सापडली. दोऱ्याएवढी नळी आत ३ ते ५ सेंटीमीटर ठेवून सुई बाहेर. मग ३ मिली लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिनचा चाचणी डोस: नाडी अचानक धावली तर नळी रक्तवाहिनीत, पाय लगेच जड झाले तर मणक्याच्या पाण्यात. ही पायरी गाळून थेट पूर्ण डोस देणाऱ्यांकडे जाऊ नये. नंतर १० ते १५ मिली मिश्रण थोडं थोडं करून. आराम पडायला पंधरा-वीस मिनिटं. पोट आवळल्याचं कळत राहतं, जाते ती कळेची धार. त्यापुढे सिरिंज हळूहळू ढकलणाऱ्या पंपावर तासाला ८ ते १२ मिली, म्हणजे एक सिरिंज पाच तासांच्या आसपास पुरते. लाइट जाणाऱ्या गावात पंपाची बॅटरी चालते का, हेही बघून ठेवावं.

आता सेवेबद्दल, आणि गुण इथंच कापले जातात. तालुक्याच्या गावी भुलीचे डॉक्टर फिरते असतात. सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझर, दुपारी दुसरीकडे हाडाचं ऑपरेशन. नळी घालून ते निघून गेले आणि तासाभरात एक बाजू दुखायला लागली, तर? उपाय सोपा आहे: नळी सेंटीमीटरभर मागे ओढायची, दुखऱ्या कुशीवर वळवायचं, एक डोस द्यायचा, तरीही जमलं नाही तर नळी नव्याने घालायची. पण तो करणारा माणूस हवा. सिस्टर बीपी मोजू शकते, नळी ओढू शकत नाही. पहिली वीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी बघायलाच हवं, कारण ते घसरतं. मग डाव्या कुशीवर वळवणं, सलाइन आणि बीपी वर आणणारं फेनिलेफ्रिन किंवा मेफेंटरमिन. बाळाचे ठोके सतत दिसायला हवेत. लघवी साठलेली कळत नाही, म्हणून तीन-चार तासांनी नळीने काढावी. नाव नोंदवताना म्हणूनच एकच प्रश्न विचारा: रात्री दोनला डोस कमी पडला तर कोण येणार, किती मिनिटांत? उत्तर गुळमुळीत आलं तर ते पॅकेज घेऊ नये.

‘गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडल्याशिवाय देत नाही’ हा नियम आता जुना झाला आहे; खरोखरीच्या कळा सुरू झाल्या आणि बाईने मागितलं तर पुरेसं आहे. उशीर लावतात तो बहुतेकदा डॉक्टरांच्या फेऱ्या वाचवायला. सासूबाईंची शंका वेगळी असते: याने सिझर होतं का? नाही. बाळ ढकलण्याचा काळ थोडा लांबतो, एवढंच. उलट सिझर करावंच लागलं तर त्याच नळीतून २ टक्के लिग्नोकेन देऊन पूर्ण भूल टाळता येते. कायमच्या कंबरदुखीशीही संबंध नाही. टोचलेली जागा चार दिवस ठणकते. खाज आणि हुडहुडी मात्र येऊ शकते.

प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) ताजा रिपोर्ट सोबत असावा. बीपी वाढलेलं असेल तर काही तासांपूर्वीचाच. सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली गेल्यास बहुतेक डॉक्टर नकार देतात, आणि ते बरोबरच. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते आधी सांगावं. एनोक्सापॅरिनचा छोटा डोस असेल तर बारा तास, मोठा असेल तर चोवीस तास थांबावं लागतं.

शंभरात एखादीला सुई आतल्या पडद्याला लागते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, तेही उठून बसलं की. आडवं झालं की थांबतं. आपल्याकडे तोवर बाळंतीण माहेरी पोचलेली असते, कानाला रुमाल बांधलेला असतो आणि ‘वारं लागलं’ म्हणून विषय मिटतो. हे वारं नव्हे. पाणी, चहा, पॅरासिटामॉलने भागलं नाही तर तिचंच १५-२० मिली रक्त त्याच जागी भरतात आणि बहुतेकींना लवकरच आराम पडतो. ताप, पाठीत वाढती कळ आणि पायात अशक्तपणा आला तर त्याच दिवशी एमआरआय होईल अशा मोठ्या दवाखान्यात जायचं. डिस्चार्ज कार्डावर भुलीच्या डॉक्टरांचा नंबर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नये.