कडक तळाचे डायव्हिंग बूट: खडकावर उत्तम, फिनमध्ये मात्र पारखून घ्यावेत

खडकाळ किनाऱ्यावरून स्कूबासाठी, म्हणजे हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्यासाठी, उतरणाऱ्याच्या पायांवर एकाच फेरीत दोन विरुद्ध प्रकारची कामे येऊन पडतात. सिलिंडर, वजनांचा पट्टा आणि इतर सामान मिळून वीस किलोंहून अधिक भार अंगावर घेऊन आधी निसरड्या दगडांवरून चालायचे आणि लगेच फिन, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी रुंद पाती, चढवून पोहायचे असते. चालण्यासाठी जाड, कडक तळ हवा, तर पोहण्यासाठी फिनच्या कप्प्यात, म्हणजे पाऊल घालायच्या भागात, अलगद शिरेल असा सडसडीत बूट हवा. गेले दोन हंगाम मी पाच मिलिमीटर जाड निओप्रीनच्या फुगीर रबराचे, घोट्याच्या वर येणारे, बाजूला चेन असलेले आणि जाड रबरी तळाचे बूट वापरत आहे. चालण्याच्या कामात त्यांना पूर्ण गुण द्यावेत असे ते आहेत. पोहण्याच्या कामातले त्यांचे गुण मात्र सोबत कोणते फिन आहेत यावर ठरतात, आणि हे मला पैसे खर्च करून झाल्यावर कळले.

बूट घेताना मी ते फक्त पायात घालून पाहिले होते आणि ते अगदी नेमके बसले होते. पण घरी आल्यावर माझ्या जुन्या, मागे पट्टा असलेल्या फिनमध्ये ते निम्मेच शिरले. अडथळा पायाचा नव्हता, तर तळाच्या बाहेर आलेल्या कडेचा आणि बोटांपुढच्या रबरी कठड्याचा होता. पट्टा सैल करून मी तसाच पाण्यात गेलो, ही माझी चूक. चवडा कप्प्यात खोलवर न गेल्यामुळे टाच बरीच बाहेर राहिली, प्रत्येक फटक्याला फिन खाली झुकू लागला, त्याला सावरण्यासाठी बोटे आवळून धरावी लागली आणि थोड्याच वेळात पोटरीत गोळे आले.

त्यानंतर मी एक माप मोठे फिन घेतले, तेव्हा उलटाच त्रास झाला. रुंदी जमली, पण पायाच्या वरच्या बाजूस पोकळी राहिली. निओप्रीन म्हणजे वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले रबर. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि बूट पातळ होतो, त्यामुळे किनाऱ्यावर घट्ट वाटलेला पट्टा खाली गेल्यावर ढिला पडतो. यावर मला उपयोगी पडला तो स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा, कारण बूट आक्रसला की तो ताण आपोआप भरून काढतो आणि हातमोजे घातलेल्या हातांनीही ओढून टाचेवर चढवता येतो. बुटाच्या टाचेवर हा पट्टा अडवणारा रबराचा उंचवटा असतो, तो विकत घेताना आवर्जून पाहावा, कारण गुळगुळीत टाचेवरून पट्टा निसटण्याची धास्ती कायम राहते.

आता मी बूट आणि फिन एकत्रच पारखतो. बूट ओले करून कप्प्यात सरकवावेत, कारण कोरडे निओप्रीन रबराला धरून राहते आणि अंदाज चुकतो. चवडा पूर्ण आत गेल्यावर बोटे न मुडपता सरळ राहावीत आणि टाच कप्प्याच्या तळाच्या किंचितच बाहेर असावी. मग पट्टा लावून पाऊल उचलून डावी-उजवीकडे झटकावे: फिन पावलाबरोबरच वळला पाहिजे, मागून रेंगाळत येता कामा नये. पावलावर मुंग्या येत असतील तर कप्पा अरुंद आहे असे समजावे. वापरून तो सैल होईल या आशेवर राहू नये, कारण घट्ट बसलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि थंड पाण्यात पाऊल आधी बधिर होते. जाड तळाच्या बुटांसाठी स्कूबाप्रो कंपनीच्या जेट फिनसारखे, 1965 पासून चालत आलेले, रुंद कप्प्याचे जड रबरी फिन सोयीचे पडतात. प्रवासाच्या सामानात मात्र त्यांचे वजन जाणवते.

खडकावर या बुटांनी निराश केले नाही. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवांच्या धारदार कडा तळाखाली जाणवतसुद्धा नाहीत आणि दगडांच्या फटीत पाऊल वाकडे पडले तर घोट्याला आधार मिळतो. सी-अर्चिन या काटेरी गोल समुद्री प्राण्याच्या काट्यांपासून मात्र तळच वाचवतो. बाजूचे निओप्रीन काटे अडवेल असे धरून चालू नये. शेवाळावर कोणताही रबरी तळ घसरतोच. तिथे नमद्याचा तळ अधिक पकड घेतो, पण तो वाळायला फार वेळ लावतो. फिन घालून दगडांवरून चालण्याचा तर विचारही करू नये. कमरेइतक्या पाण्यात, जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन ते चढवावेत.

बुटांबद्दल माझी तक्रार एकच आहे. चवडा जिथे वाकतो तिथे तळ आणि निओप्रीन यांच्यातला सांधा दुसऱ्या हंगामात सुटू लागला. निओप्रीनच्या डिंकाने तो मी पुन्हा चिकटवला आणि अजून टिकला आहे. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन बूट सावलीतच वाळवतो, चेनमधली वाळू झटकून तिला मेण लावतो. बोटीवरूनच उतरणाऱ्यांना एवढ्या जाड तळाची गरज नाही. त्यांना तीन मिलिमीटरचे, पातळ तळाचे बूट पुरतील आणि ते बहुतेक फिनमध्ये विनासायास बसतील.