जुन्या गाडीतील पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह : सहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय संपूर्ण गाडीचा नसून तिच्यातील पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (एरवी फक्त मागची चाके आणि गरजेला लिव्हर टाकून चारही चाके इंजिनाने फिरवणारी) या एकाच यंत्रणेचा आहे. माझी गाडी पंचवीस वर्षांहून जुनी, आखूड बांध्याची, मुख्य गिअरशेजारी ट्रान्सफर केसचा (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचा) वेगळा लिव्हर असलेली आणि पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा सोडणारे कुलूप) असलेली आहे. सहा वर्षांपूर्वी ती घेताना विकणाऱ्याने ‘फोर बाय फोर एकदम चालू आहे’ असे सांगितले आणि खात्री पटावी म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावरच लिव्हर ओढून गाडी गोल फिरवून दाखवली. टायर करकरले, स्टिअरिंग जड झाले, गाडी जणू कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळत वळली, आणि मला ते ताकदीचे लक्षण वाटले. प्रत्यक्षात ती यंत्रणेची तक्रार होती.

कारण साधे आहे. या प्रकारात पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या (चाकांच्या जोडीच्या आसाच्या) मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसते. फोर-हायमध्ये (चारही चाके, नेहमीचा वेग) लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) एकमेकांना पक्के जखडले जातात. वळताना मात्र पुढच्या एक्सलला मागच्यापेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. दोन एक्सलमधले अंतर २.४ मीटर असेल आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर नुसत्या काटकोनी वळणात पुढचा एक्सल सुमारे ८५ सेंटीमीटर जास्त चालतो. सुमारे ७० सेंटीमीटर व्यासाचा टायर आणि ४.१ चा एक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या ४.१ फेऱ्या) धरला, तर हा फरक प्रोपेलर शाफ्टच्या जवळजवळ दीड फेरीइतका भरतो. चिखलात, वाळूत किंवा सैल खडीवर चाक किंचित घसरते आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरायला तयार नसते, म्हणून शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरचे दाते पीळ घेत राहतात. अशा वेळी लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागची चाके) परत येत नाही आणि नवखा माणूस तो जोर लावून ओढू लागतो. तसे करू नये. सरळ रेषेत काही मीटर गाडी मागे घ्यावी, पीळ सुटला की लिव्हर हलक्या हाताने निघतो. पीळ भरलेल्या अवस्थेत जॅक लावून चाक उचलणे मात्र धोक्याचे आहे, कारण जमिनीवरून सुटताच ते झटक्याने फिरू शकते.

टायरच्या बाबतीतही यंत्रणा हीच काटेकोर अपेक्षा ठेवते. पुढे नवे आणि मागे ८ मिलिमीटर झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला पुढची आणि मागची चाके साधारण दहा फेऱ्यांनी चुकतात. पाचवा, वेगळ्या मापाचा स्टेपनी टायर लावून फोर-हायमध्ये लांबवर जाणे म्हणूनच चुकीचे.

आता हबविषयी, कारण माझा खरा धडा तिथेच झाला. हब ‘फ्री’वर असले की पुढचे एक्सल शाफ्ट, डिफरन्शिअल आणि प्रोपेलर शाफ्ट चाकांबरोबर उगाच फिरत नाहीत, ‘लॉक’वर केले की चाके त्यांना जोडली जातात. हब लॉक ठेवून टू-हायमध्ये चालवल्याने पीळ पडत नाही, इंधन थोडे जास्त लागते इतकेच, त्यामुळे चिखल येण्याआधी कोरड्या जागी उतरून दोन्ही हब लॉक करून घेणे शहाणपणाचे ठरते. पहिल्याच वर्षी एका ओल्या चढावर मी हब लॉक केले, लिव्हर फोर-लोमध्ये (चारही चाके, कमी वेग, जास्त जोर) टाकला आणि तरीही फक्त एक मागचे चाक चिखल उडवत जागीच फिरत राहिले. दोष डाव्या हबमध्ये होता : आतले जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते, बाहेरची खूण ‘लॉक’ दाखवत होती, पण आतली रिंग सरकलीच नव्हती. पुढचे डिफरन्शिअल साधे असल्यामुळे एक बाजू सुटली की सगळे फिरणे त्या सुट्या शाफ्टमध्येच वाया जाते आणि दुसरे चाक ढिम्म हलत नाही. शिवाय फोर-लोमध्ये वाढलेला सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) एकट्या मागच्या एक्सलवर येतो, आणि त्याचा शाफ्ट तुटायला इतके पुरते. ते हब उघडून, धुऊन, पातळ ग्रीस लावून बसवायला एक दुपार लागली. नवीन सुटा भाग एकही लागला नाही. या यंत्रणेबद्दल मला आदर वाटतो तो याच साधेपणामुळे.

फोर-हाय गाडी सरळ आणि हळू चालत असताना टाकता येतो. फोर-लोसाठी मी गाडी पूर्ण थांबवतो आणि क्लच दाबूनच लिव्हर हलवतो. लो रेंज ही माझ्या मते या जुन्या गाडीची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. वेग साधारण निम्मा किंवा त्याहून कमी होतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो, परंतु तिचा खरा उपयोग चढापेक्षा उतारावर कळतो : पहिला गिअर, पाय क्लचवरून काढलेला, ब्रेकला जवळजवळ स्पर्श नाही, आणि गाडी इंजिनाच्या आधाराने पावलापावलाने उतरते. ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलबाबत मात्र सावध राहावे, कारण लिव्हर तिथे असताना मुख्य गिअर टाकून ठेवला तरी गाडी घरंगळू शकते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. चारही चाकांना जोर मिळतो हा समज अर्धाच खरा आहे. तिरपी समोरासमोरची दोन चाके हवेत गेली की बाकीची दोन शांत बसतात. ब्रेक लागण्याचे अंतर यामुळे कमी होत नाही. ज्याची निसरडी वाट मधूनमधून कोरड्या डांबराने तुटते, त्याला दर वेळी लिव्हर मागेपुढे करावा लागेल आणि त्याने मधले डिफरन्शिअल असलेली फुल-टाइम (कायम चारही चाकांवर चालणारी) गाडी पाहावी. देखभाल थोडी पण नेमाने लागते : ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचे ऑइल, क्रॉस आणि शाफ्टच्या सरकत्या जोडाला ग्रीस, आणि महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर-हाय, म्हणजे पुढच्या भागात ऑइल फिरते आणि लिव्हरची जोडणी गंजून बसत नाही.

अशी जुनी गाडी घेणाऱ्याने तपासणी पुढीलप्रमाणे करावी. मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर पक्की ठेवावी, हब लॉक करून फोर-हाय आणि हँडब्रेक लावावा, आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर दोन्ही हब धरत आहेत. ते स्थिर राहिले तर एक हब केवळ नावापुरता लॉक आहे. दहा मिनिटांचे हे काम मी त्या ओल्या चढावर जाण्याआधी केले असते, तर तिथून गाडी ट्रॅक्टरने ओढून आणण्याची वेळ आली नसती. विकणारा डांबरावर गोल फिरवून दाखवू लागला, तर त्याला थांबवून आधी जॅक मागावा.