हृदयाच्या नसेतली ओसीटी तपासणी: चार तारे

वय 58. पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, रविवारी तांबडा-पांढरा रस्सा, असा माझा हिशेब. छातीत भरून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफीला गेलो. साध्या अँजिओग्राफीत डाईची (नसेत सोडलेल्या, एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाची) नुसती सावली दिसते; नस किती अरुंद झालीय ते कळतं, भिंतीत काय साठलंय ते नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, सोबत ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशानं नसेचं आतून चित्र काढणं) करूया. मनगटातून बारीक नळी आत जाते, तिच्या टोकाशी प्रकाश फिरतो. डाईनं रक्त क्षणभर बाजूला सारतात आणि काही सेकंदांत नसेचं आतलं चित्र पडद्यावर! छातीत जरा ऊब वाटली, बास.

चरबीच्या साठ्यावरचं आवरण 65 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असलं की तो फुटायचा धोका जास्त. डॉक्टरांनी दुधावरच्या सायीचा दाखला दिला. (मला नेमकी सायच आवडते.) माझं आवरण जाड निघालं, अडथळाही मोठा नव्हता, स्टेंट टळला, रात्रीची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची, गोळी मागे लागली.

तक्रार बिलाची. ती नळी एकदाच वापरायची, तिचे पैसे वेगळे, हे आधी कुणी बोललंच नाही. बायकोनं काउंटरवर उभं राहून सगळा तपशील लिहून घेतला, तेव्हा कुठं आम्ही घरी आलो.