रेडिएटरमध्ये काय भरायचं? बोअरचं पाणी, तयार कूलंट आणि कॉन्सन्ट्रेट: खान्देशातल्या उन्हाळ्यासाठी तुलना

भुसावळ-जळगाव पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बाइकच्या रेडिएटरला याचा फटका नेमका कसा बसतो, ते आधी समजून घ्या. आत फिरणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, साधारण ९५ अंशांवर असतं. डिसेंबरच्या सकाळी बाहेर १५ अंश असतील तर आत-बाहेरचा फरक ८० अंशांचा, मेच्या दुपारी तोच ५० अंशांचा. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे त्याच गाडीची गार होण्याची ताकद उन्हाळ्यात एक तृतीयांशाहून जास्त घटते. हिवाळ्यात खपून गेलेली हयगय आखाजीच्या सुमाराला अंगाशी येते ती यामुळेच. रेडिएटर धुऊन कूलंट बदलण्याचं काम होळीच्या आधी उरकलेलं बरं.

हे सगळं लिक्विड-कूल्ड गाड्यांसाठी आहे: पल्सर एनएस २००, डोमिनार, ड्यूक, आर१५, हिमालयन ४५० वगैरे. पल्सर २२० किंवा अपाचे आरटीआर २०० यांना पुढे छोटा रेडिएटरसारखा भाग दिसतो, पण तो ऑइल कूलर आहे. त्यात इंजिन ऑइलच फिरतं, कूलंट भरायची जागाच नसते. तिथे फक्त बाहेरून सफाई करायची आणि ऑइल वेळेवर बदलायचं.

पाणी: बोअरचं, आरओचं की बॅटरीचं

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो तोच थर इंजिनातही बसतो, आणि तो नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडभोवती जास्त धरतो. पाणी तापलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वेगळे होऊन धातूला चिकटतात. हा थर उष्णता अडवतो, शिवाय रेडिएटरच्या अरुंद नळ्या आतून बुजवतो. पाण्यातले क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात ते वेगळंच. कूलंटमध्ये बोअरचं पाणी मिसळलं तर त्यातली गंजरोधक रसायनंही क्षारांशी संयोग पावून गाळ होऊन बसू शकतात. चांगलं कूलंट आणि वाईट पाणी हा सौदा त्यामुळे तोट्याचाच.

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात. धुण्यासाठी चालेल, कायम भरायला नको. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटरच घ्या आणि घेताना लेबल वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर का नको, हा प्रश्न रास्त आहे. उष्णता वाहून नेण्यात ते कूलंटपेक्षा सरसच आहे. पण त्यात गंजरोधक नाही, पंपाच्या सीलला वंगण नाही, आणि ते लवकर उकळतं. १.१ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव) यांचं ५०:५० मिश्रण सव्वाशेच्या पुढे जातं. घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हाच थोडा फरक कामी येतो. उलट जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त गारवा, हाही गैरसमज आहे. ६० टक्क्यांच्या वर गेलात तर मिश्रण घट्ट होतं आणि उष्णता कमी उचलतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, कधीच निव्वळ भरू नका.

रस्त्यात पाणी आटलं तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि मिळेल ते पाणी टाकून घर गाठा. इंजिन जाळण्यापेक्षा ते बरं. पण त्याच आठवड्यात सगळं काढून टाका.

तयार कूलंट की कॉन्सन्ट्रेट

तयार कूलंटमध्ये पाणी आधीच ५०:५० मिसळलेलं असतं, त्यामुळे मोजमाप नाही, चूक नाही. बाटली फोडा आणि ओता. मेकॅनिककडे काम देणार असाल तर हेच घ्या आणि सीलबंद बाटली स्वतः घेऊन जा.

स्वतः धुऊन भरणार असाल तर आमचं मत कॉन्सन्ट्रेटच्या बाजूने आहे. कारण गणिताचं आहे. गाडीची एकूण क्षमता १.२ लिटर धरा. ड्रेन बोल्ट काढल्यावर सगळं बाहेर येत नाही. समजा ९०० मिली आलं, तर ३०० मिली इंजिनाच्या पोटात आणि पाइपांत अडकून राहिलं. शेवटचं धुणं पाण्याने झालंय, म्हणजे हे ३०० मिली निव्वळ पाणी. वरून ९०० मिली तयार कूलंट ओतलं तर ग्लायकॉल फक्त ४५० मिली, म्हणजे ५० ऐवजी साडेसदतीस टक्के झालं. गंजरोधकही तेवढाच पातळ. कॉन्सन्ट्रेट असेल तर आधी ६०० मिली ते ओतायचं, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. प्रमाण बरोबर ५०:५०. तयार कूलंटच वापरायचं असेल तर शेवटचं एक धुणं त्याच कूलंटने करा, मात्र त्यासाठी जास्तीची बाटली लागते. तुमच्या गाडीची नेमकी क्षमता पुस्तिकेत पाहा.

काही कॉन्सन्ट्रेटवर १:३ (एक भाग कॉन्सन्ट्रेट, तीन भाग पाणी) प्रमाण सुचवलेलं असतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून ते पटतं, पण उत्कलनबिंदू खाली येतो. पुस्तिकेत ५०:५० असेल तर तेच धरा.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं याला सर्व कंपन्यांत मिळून एक नियम नाही. लेबलवर इथिलीन ग्लायकॉल, अ‍ॅल्युमिनियम इंजिनासाठी योग्य आणि सिलिकेट-विरहित हे शब्द शोधा. सिलिकेटचे कण पंपाच्या सीलवर घासतात. आतलं कूलंट कोणतं ते माहीत नसेल तर त्यावर दुसरं ओतू नका, पूर्ण बदला.

साधं धुणं की केमिकल फ्लश

जुनं कूलंट रंगाने स्वच्छ निघालं तर केमिकलवर पैसे घालवू नका. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा, गरम असताना उघडलंत तर वाफेने तोंड भाजेल. पंपाच्या कव्हरखालचा ड्रेन बोल्ट काढा, ओव्हरफ्लो टाकी सोडवून तिच्या तळाचा गाळ धुवा. डिस्टिल्ड वॉटर भरून पंखा सुरू होईपर्यंत आयडलवर चालवा, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडून पाणी रेडिएटरभर फिरतं. गार होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा तेच, बहुधा दोन-तीन वेळा. बोल्टचा वॉशर नवा टाका. बोल्ट एम६ असेल तर १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, जास्त आवळलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

पाणी तांबूस किंवा झाकणाखाली पांढरा थर दिसला तर केमिकल फ्लशला अर्थ आहे. त्यातही अ‍ॅल्युमिनियमला चालणारा तयार फ्लशच घ्या आणि बाटलीवरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात. एक-दोन उन्हाळे बोअरच्या पाण्यावर गाडी चालली असेल तर रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने वेगळा धुवून घ्या. नाहीतर सुटलेले खपले नळ्यांत आणि थर्मोस्टॅटमध्ये अडकतात.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो अडकलेला असेल तर नवा बसवा. चांगला असेल तर त्याला हात लावू नका, काढल्यावर थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते.

भरताना हवा काढणं महत्त्वाचं. गाडी डावी-उजवी झुकवा, रबरी पाइप हाताने दाबा, ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवा. आत हवा राहिली तर सेन्सर चुकीचं तापमान दाखवतो आणि हेड एका जागी तापतं.

आधी बाहेरून बघा

गाडी तापते म्हणून कूलंट बदलणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा प्रश्न फिन्समध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये असतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या रस्त्यांवर उडणारी रुई, काळ्या मातीची धूळ आणि रात्रीचे किडे मिळून फिन्समध्ये नमद्यासारखा थर होतो. त्यापुढे महागडं कूलंटही हतबल. हलक्या धारेचं पाणी मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. मऊ ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, फिन्स आडव्या पडतात. बारीक छिद्रांची जाळी बसवली असेल तर तीच वारा अडवते.

घरी की गॅरेजमध्ये

नळीपाना सेट, फनेल, पसरट भांडं आणि अर्धा दिवस असेल तर साधी सफाई घरी जमते. गॅरेजमध्ये जावं ते या लक्षणांवर: ऑइल दुधाळ झालंय, पंपाखालच्या बारीक छिद्रातून कूलंट किंवा ऑइल ठिबकतंय, पंखा फिरत नाही आणि फ्यूज शाबूत आहे. गार झाल्यावर पाइप आत ओढला जात असेल तर आधी झाकण बदलून पाहा, हा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

जुनं कूलंट गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, वासरं, शेळ्या ते चाटतात. गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका, कॅनमध्ये बंद करून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघा. थोडी उतरली असेल तर तेच मिश्रण घाला. आठवडाभर रोज उतरत राहिली तर गळती शोधा.