अणुकचरा: आभाळात की पाताळात?

विज्ञान प्रदर्शनासाठी अणुकचऱ्याचं मॉडेल करायचंय, पण रॉकेट करू की बोगदा हे ठरत नाहीये? मी पोरांकडून दोन्ही करून घेतलंय. एक वर्ष रॉकेट, पुढच्या वर्षी बोगदा.

दिसायला रॉकेटच भारी. कल्पनाही झकास: कचरा सूर्यात टाका, कटकट संपली. हिशेबाला बसलं की मात्र गाडी अडते. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगानं सूर्याभोवती फिरते; सूर्यात पडायचं तर तो वेग जवळजवळ सगळा मारावा लागतो. त्यापेक्षा सूर्यमालेबाहेर भिरकावणं सोपं. हे पाहुण्यांना पटवता पटवता घसा बसतो.

तरी मी रॉकेट सोडलं ते गणितापायी नाही. 2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. गुढी उतरवून झाली होती, आम्ही नागपुरात गच्चीवर होतो, अन् आभाळातून पेटत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली. शेजारचे काका म्हणाले, "विमान पेटलं वाटते!" मग बातमी आली: चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग पडली. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांचं म्हणणं पडलं. नुसतंच भंगार होतं म्हणून निभावलं. 1978 मध्ये अणुभट्टीसकट कॉसमॉस 954 हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा किरणोत्सारी तुकडे बर्फात हुडकत फिरावं लागलं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या रॉकेटपुढे जो येई तो तेच विचारी: "सर, वर जाता जाता फुटलं तं?" शंभरातली मोजकीच फुटतात म्हणा, पण फेऱ्या किती माराव्या लागतील?

बोगद्यापुढे गर्दी होत नाही, हे खरं. फिनलंडच्या ओंकालोत, म्हणजे अणुकचरा पुरायच्या बोगद्यात, खडकात चारशेहून अधिक मीटर खाली, तांब्याच्या डब्यात वापरलेलं अणुइंधन ठेवायचं आणि भोवती बेंटोनाइट माती. ही माती अर्थिंगसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. काचेच्या बरणीत थोडी घालून पाणी ओता. फुगून अशी घट्ट बसते की फट राहत नाही. माझे मामा सावनेरकडच्या भूमिगत खाणीत होते. ते बरणी हलवून म्हणाले, "पाणी वाट काढतेच रे." त्यांचं चूक नसावं. फक्त ते झिरपायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात कचऱ्याचा किरणोत्सार बराच ओसरतो.

पहिला नंबर रॉकेटला मिळाला होता, हेही सांगून ठेवतो. बरणी अजून प्रयोगशाळेत आहे. हवी तर घेऊन जा.