साधा पॉट की डिजिटल पॉट: बदलण्याआधी तिन्ही टोकांवर मीटर लावा

पॅनेलवरचा १० किलोओहमचा पॉट (पोटेंशिओमीटर, म्हणजे नॉबने रोध बदलणारा भाग) खरखरायला लागला की त्याच्या जागी १० किलोओहमचा डिजिटल पॉट बसवावा, असं सहज वाटतं. टोकं तीनच, ओहमही तेवढेच. पण साधा पॉट म्हणजे कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा वायपर. त्याला व्होल्टेज उलटं की सुलटं, याच्याशी देणंघेणं नसतं. डिजिटल पॉट ही आयसी आहे. आत रेझिस्टरची साखळी आणि मॉसफेटचे (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे) स्विच असतात, आणि तिन्ही टोकांवरचं व्होल्टेज आयसीच्या सप्लायच्या आतच राहावं लागतं. त्यामुळे निर्णय ओहमवर नाही, व्होल्टेज आणि करंटवर घ्यायचा.

सर्किट चालू ठेवून जुन्या पॉटच्या तिन्ही टोकांचं ग्राउंडपासूनचं व्होल्टेज मोजा, तेही नॉब दोन्ही शेवटांना फिरवून. सिग्नल एसी असेल तर ऑसिलोस्कोपवर शिखर बघा, मीटर पुरत नाही. वायपरमधून जाणारा करंटही मोजा किंवा हिशेबाने काढा.

एलएम ३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी) चा समायोज्य पॉवर सप्लाय घ्या. तिच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये, जिथे १.२५ व्होल्ट कायम असतात, २४० ओहमचा रेझिस्टर असेल तर पॉटमधून १.२५ ÷ २४०, म्हणजे सुमारे ५.२ मिलिअँपिअर वाहतात. एमसीपी ४१०१० या १० किलोओहमच्या डिजिटल पॉटच्या वायपरची कमाल मर्यादा १ मिलिअँपिअर. शिवाय आउटपुट १२ व्होल्ट असताना पॉटवर १०.७५ व्होल्ट येतात आणि ही आयसी चालते जास्तीत जास्त ५.५ व्होल्टवर. इथे साधा पॉटच राहू द्या. एडी ५२९० सारख्या ±१५ व्होल्टच्या आयसी मिळतात, पण करंटची अडचण त्यांनाही आहेच.

याउलट ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) इनपुटला संदर्भ व्होल्टेज द्यायचं असेल, तर डिजिटल पॉट उजवा. वायपरचा स्वतःचा रोध (एमसीपी ४१०१० मध्ये ५ व्होल्टच्या आसपास साधारण ५० ओहम) तिथे जाणवत नाही, कारण इनपुट करंट जवळपास शून्य. व्होल्टेज विभाजक म्हणून गुणोत्तर तापमानानेही फारसं ढळत नाही. दोनच टोकं वापरून बदलता रेझिस्टर करायचा झाला, तर मात्र पंचाईत: १० किलोओहमच्या आयसीचा खरा आकडा ८ ते १२ किलोओहममध्ये कुठेही असू शकतो आणि ‘शून्या’वरही वायपरचे ओहम उरतातच.

ऑडिओत सगळ्यात जास्त फसगत होते. ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर सिग्नलचा ऋण भाग आयसीतले संरक्षक डायोड कापतात आणि आवाज फाटतो. म्हणून सिग्नल कपॅसिटरमधून आत घ्या, २.५ व्होल्टवर उचला आणि पॉटचं खालचं टोकही ग्राउंडला न जोडता त्याच २.५ व्होल्टला जोडा. ते ग्राउंडला राहिलं तर प्रत्येक पायरीला डीसी सरकतो आणि स्पीकरमध्ये ‘टक्’ ऐकू येतं. दुसरी गोष्ट चढाची. आवाजाचा साधा पॉट लॉग (कानाला चढ एकसारखा वाटेल असा) असतो, एमसीपी ४१०१० लिनियर (प्रत्येक पायरी सारखीच). २५६ पायऱ्या भरपूर वाटतात, पण पायरी १ वरून २ वर गेलं की एकदम ६ डेसिबलची उडी, आणि पायरी १ म्हणजे फक्त उणे ४८ डेसिबल. सॉफ्टवेअरमध्ये लॉग तक्ता लिहिला तरी तळाची ही भरड तशीच राहते. आवाजासाठी डीएस १८८२ सारखी लॉग आयसी बरी. ती शून्य ओलांडताना पायरी बदलते.

फक्त नॉब फिरवायचा असेल, तर एन्कोडर (नॉबची फिरकी मोजणारा भाग), मायक्रोकंट्रोलर आणि डिजिटल पॉट हा निव्वळ द्राविडी प्राणायाम. साधा पॉट सप्लाय गेला तरी जागचा हलत नाही. एमसीपी ४१०१० चालू होताना मध्यावर येतो. पुढे हीटर किंवा मोटर असेल तर ती अर्ध्या जोरात सुरू होईल. जागा लक्षात ठेवणारी आयसी हवी तर एमसीपी ४१६१ किंवा १०० पायऱ्यांची एक्स९सी१०३ घ्या. पण प्रत्येक पायरी मेमरीत लिहू नका, एक्स९सी१०३ ची हमी १ लाख लेखनांची आहे.

बदलायचंच ठरलं, तर एमसीपी ४१०१० ची जोडणी अशी: जुन्या पॉटचं वरचं टोक पाय ५ ला, वायपर ६ ला, खालचं ७ ला. पाय ८ ला ५ व्होल्ट, ४ ला ग्राउंड, दोन्हींमध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. पाय १ (चिप सिलेक्ट) १० किलोओहमने सप्लायला ओढून ठेवा, नाहीतर कंट्रोलर जागा होईपर्यंत तो तरंगत राहतो. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर आयसीलाही ३.३ द्या किंवा लेव्हल शिफ्टर (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवर नेणारा भाग) लावा. ५ व्होल्टवर तिला ‘हाय’साठी ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ वर कधी चालते, कधी नाही, आणि असला दोष शोधताना नाकी नऊ येतात.

मूळ सर्किटला जोडण्याआधी पाय ५ ला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड देऊन बघा. कंट्रोलरमधून दोन बाइट पाठवा: पहिला हेक्स ११ (दशमान १७), दुसरा पायरीचा आकडा. ०, १२८ आणि २५५ पाठवल्यावर पाय ६ वर अनुक्रमे ०, २.५ आणि ४.९८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. शेवटचा आकडा पूर्ण ५ होत नाही, कारण वरच्या टोकाआधी एक पायरी कायम शिल्लक राहते.